फहीमच्या नावाचा खड्डा

आखाडा बाळापूर
१४ जून २०२४

रहमतबीला चतुराचा सलाम, आणि सलामामागं राग.

फोन तू उचलत न्हाईस. मुबश्शीर उचलतो आणि म्हणतो, "चाची, अम्मी नमाजाला बसली." अगं, दिवसभर नमाजच पढून राहिलीस का? म्हणून हे पाकीट. नांदेडचा पत्ता दुकानवाल्या पुनमचंद सेठनं दिला. आफिफा, बाई, आजीला हे तूच वाचून दाखवणार हे मला माहीत हाय. तर मोठ्यानं वाच, तिला डाव्या कानानं कमी येतं. उठून जायला लागली तर पदर धर, पण शेवटपर्यंत वाच.

कामाचं आधी सांगते. ठाण्यामागं जप्तीच्या गाड्या सडत पडायच्या, आठवतं का? रेतीचे ट्रॅक्टर, बिनचाकाच्या मोटारसायकली, त्यात कुत्र्यांची पिलं. ती सगळी जागा साफ झाली. तिथं बाग होऊन राहिली. जिल्ह्यातले जेवढे पोलीस ड्युटीवर असताना जिवानिशी गेले त्यांच्या नावाची. एकेका नावाला एक झाड, झाडापाशी पाटी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला ओटे. एकवीस ऑक्टोबरला पोलिसांचा स्मृतिदिन असतो, त्या दिवशी खुली करणार.

झाडं नर्सरीतली न्हाईत. ज्याची त्याची आई न्हाईतर बायको आपल्या घरचं रोप देणार. ही अक्कल आपल्या शिवाची. मी 'माझ्या' न्हाई, 'आपल्या'च लिहिते. तुला चालत नसलं तर आफिफाला खोडायला सांग.

शिवा सुट्टीच्या दिवशी खड्डे खणतो. हेडजमादार रत्नपाल म्हणतो, "अरे, मजूर लावलेत ना!" तर हा ऐकत न्हाई. हाताला फोड आलेत. औंढ्याच्या मालनबाईनं आवळ्याचं रोप आणून दिलं, तिचा मालक बंदोबस्तात छातीत कळ येऊन गेला होता. बाकीच्यांचीबी रोपं येऊन राहिलीत. एकच खड्डा असा हाय की त्याचं झाड कुठून यायचं ते कुणालाच सांगता येईना. तो फहीमच्या नावाचा खड्डा.

तुझ्या आंगणातलं डाळिंब मोठं झालंय. अर्धं माझ्या भिंतीवरून इकडं आलंय. फहीम झाला तेव्हा त्याची नाळ तिथंच पुरली, फारुकभाईनं खड्डा केला आणि वर मी वसमतच्या माहेरून आणलेली डाळिंबाची फांदी रोवली. तू बाजेवरून ओरडत होतीस, "चतुरा, उलटी लावली तू!" उलटी न्हाई लावली. बघ किती वाढलं.

त्याच झाडाच्या फांदीला गुटी बांधून, मुळ्या फुटल्या की कापून रोप करावं म्हणते. फक्त तू 'हो' म्हण. दुसऱ्याच्या आंगणातल्या झाडाला विचारल्याबिगर हात लावत न्हाईत, आणि हे तर ते झाड.

तुझी,
चतुराबाई

आखाडा बाळापूर
३ जुलै

रहमतबी,

उत्तर न्हाई. बरं. मी अंगणवाडीत रडक्या लेकरांपुढं बसून आयुष्य घालवलंय, मला दम हाय. लेकरू भिंतीकडं तोंड करून बसलं की आपण त्याच्याकडं न बघता गाणं म्हणत राहायचं. ते आपोआप वळतं. तशी मी लिहीत राहते.

बागेची गंमत ऐक. ठेकेदाराच्या डोक्यात आलं की फाटकापाशी मोठाली रंगीत अक्षरं लावू, रात्रीची लायटिंग करू, लोक फोटो काढतील. 'आय लव्ह बाळापूर.' मी रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसते, सगळे मला ओळखतात. मी उठले. म्हटलं, "का रे भाऊ, ही लेकरं काय फोटोसाठी जीव देऊन गेलीत का? तुझ्या बापाच्या फोटोपुढं लाव ही लायटिंग." ठाण्याचे मोठे साहेब तोंडावर रुमाल धरून हसत होते. अक्षरं गेली परत टेम्पोत. तू असतीस तर मला गप्प केलं असतंस आणि घरी येऊन माझ्याहून जास्त शिव्या दिल्या असत्यास.

असं काही झालं की मी अजूनबी भिंतीपाशी येते गं. सांगायला. तोंड उघडते आणि पलीकडं कुलूप दिसतं.

आता जे लिहायचं न्हाई असं ठरवलं होतं ते लिहिते. आफिफा, थांबू नको.

कयाधूला पूर आला त्या दिवशी शिवा-फहीम दोघांना एकाच पुलावर पाठवलं होतं. पाण्यात जीप अडकली होती, टपावर माणसं. शिवा आधी उतरला, म्हाताऱ्याला काढलं, परत येताना त्याचा पाय घसरला. मग फहीम उतरला. त्यानं शिवाला बाभळीच्या फांदीला लावून दिलं आणि फांदी धरायला त्याचा स्वतःचा हात पोचला न्हाई. एवढंच झालं. यात कुणाची चूक न्हाई, तूबी कधी कुणाला बोल लावला न्हाईस. तू फक्त म्हणालीस, "चतुरा, तुझा आला." त्याचा चाळिसावा दिवस झाला आणि मुबश्शीरकडं नांदेडला गेलीस.

तुझ्या जागी मी असते तर मीबी गेले असते. सकाळ-संध्याकाळ भिंतीपलीकडं शिवाची गाडी वाजणार, मी त्याला जेवायला हाक मारणार, आणि ते तू ऐकायचं. माणसानं किती ऐकावं? शिवा घरी आला की मला आनंद होतो, रहमतबी. रोज होतो. आणि रोज वाटतं, हा आनंद हळू आवाजात करावा, पलीकडं ऐकू जाईल. पलीकडं तर कुणी न्हाई.

गुटीचं सांगते. फांदीची गोल साल काढून वर माती बांधली की मुळ्या सुटायला दीड-दोन महिने लागतात, मग रोप सावलीत धरायचं. लवकर न्हाई बांधली तर ऑक्टोबरपर्यंत व्हायची न्हाई. एक ओळ पाठव. आफिफाच्या हातची चालेल.

चतुरा

आखाडा बाळापूर
२२ जुलै

रहमतबी,

आज गोड बोलणार न्हाई.

मोठे साहेब म्हणाले, "मावशी, एक खड्डा रिकामा बरा दिसत न्हाई. आपण अशोकाचं रोप लावून टाकू, सरळ वाढतं." साहेब वाईट न्हाईत, त्यांना वरून विचारणा होते. रत्नपाल जमादार हळूच मला म्हणाला, "मावशी, फांदी तुमच्याच भिंतीवर आलेली हाय, बांधून टाका. कोण विचारून राहिलं?"

दुपारी खुर्ची लावली, चाकू घेतला, फांदी हातात धरली. माझ्या भिंतीच्या आतली फांदी, माझ्या हातानं रोवलेलं झाड. कुणी नाव ठेवलं नसतं. तरी हात चालला न्हाई. ते झाड तुझ्या पोटच्या पोराच्या नाळेवर उभं हाय. माझं पोरगं त्याच्यामुळं परत आलं, आणि आता झाडबी मीच घेऊ? न विचारता? उतरले खाली. खुर्चीवर बसून रडले, मग चहा केला.

शिवानं काय केलं ते सांगते. साहेबांपुढं हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "सर, रिकामाच राहू द्या. अशोक लावला तर मी तिथं पाणी घालू शकणार न्हाई." दोन वर्षांत पोरगं फहीमबद्दल एवढंच बोललं. घरात तर नावबी घेत न्हाई. तुझ्या घरावरून जाताना मान खाली घालून जातो. त्याला वाटतं, रहमतखाला मला बघायला नको म्हणून गाव सोडून गेली. मी म्हणते, तसं न्हाई रे. पण मला तरी काय माहीत? तू सांगितलंस कुठं?

साहेबांनी गणपतीपर्यंत मुदत दिली. त्यानंतर अशोक.

'न्हाई' म्हणायचं असलं तर 'न्हाई' म्हण. तुझा 'न्हाई'बी मी उशाला ठेवीन. पण काहीतरी बोल गं बाई.

चतुरा

आखाडा बाळापूर
५ ऑगस्ट

अगं अवदसे!

तू आलीस आणि न भेटता गेलीस?

मी वसमतला भाचीच्या बाळंतपणाला गेले होते, परवा आले. सकाळी भिंतीवरून बघते तर तुझ्या फाटकाला कुलूप न्हाई. नुसती कडी. म्हटलं, चोर. काठी घेऊन आत गेले. आंगणात कुणी न्हाई, गवत तुडवलेलं. आणि डाळिंबाला दोन गुट्या बांधलेल्या.

मला कुणाचं काम ते बघताक्षणी कळलं. आजकालची पोरं प्लॅस्टिक गुंडाळतात. ह्या जुन्या पद्धतीच्या, शेणमाती लावून वर गोणपाट. आणि गोणपाट नुसतं सुतळीनं आवळलेलं न्हाई, सुईनं टाचलेलं. गादीच्या कडेला तू घालतेस तो टाका. फारुकभाई कापूस पिंजायचे आणि तू कडा शिवायचीस, माझ्या घरातली एकूण एक गादी त्या टाक्याची हाय. वर फांदीला मडकं टांगलेलं, बुडाला भोक, भोकात कापसाची वात. थेंब थेंब गुटीवर.

मी धावत पुनमचंद सेठकडं गेले. तो म्हणाला, "हां, बुरखेवाली भाभी आली होती ना, नांदेडच्या गाडीनं. सुतळी घेतली, दाभण घेतला. चहा घ्या म्हटलं तर बसली न्हाई. चतुराबाई गावाला गेल्यात म्हणालो तर म्हणाली, माहीत हाय."

माहीत होतं! म्हणजे कुणाकडून तरी कळवून घेतलंस, आणि मी नसताना आलीस. दिवसभर मी तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की तुझ्या कानात दडे बसले असतील.

संध्याकाळी मडक्यात पाणी घालायला गेले. अर्ध्याच्या खाली गेलं होतं. तेव्हा डोक्यात आलं. गोणपाटाच्या गुटीला रोज पाणी लागतं, एक दिवस चुकलं तर वाळते. आणि तू बांधून नांदेडला निघून गेलीस, फाटकाचं कुलूप काढून. मी परत आले की भिंतीवरून बघणार, आत येणार, पाणी घालणार, हे तू धरूनच चालली होतीस. विचारायचीबी गरज वाटली न्हाई तुला.

तिथंच बसले मग झाडाखाली. किती दिवसांनी तुझ्या आंगणात बसले गं.

पाणी मी रोज घालते.

चतुरा

आखाडा बाळापूर
२० सप्टेंबर

रहमतबी,

मुळ्या आल्या! गोणपाटातून पांढऱ्या पांढऱ्या बाहेर डोकावल्या. दोन्ही गुट्यांना. मला वाटलं होतं एक तरी जाईल, म्हणून तू दोन बांधल्यास ना?

फांद्या कापायला शिवाला घेऊन गेले. आधी येईना. फाटकाशी उभा. म्हणाला, "आई, खालानं मला आत यायला सांगितलं न्हाई." मी म्हटलं, "मलाबी सांगितलं न्हाई. चल." तरी हलेना. मग मी डाफरले, "मी म्हातारी झाडावर चढू का?" तेव्हा आला. चपला फाटकाबाहेर काढून आला.

लहानपणी दोघं त्या झाडावर माकडासारखे लोंबकळायचे आणि तू खालून खराटा घेऊन उभी असायचीस. कच्ची डाळिंबं तोडून दोघांचे ओठ काळे व्हायचे आणि दोघंबी म्हणायचे, आमी न्हाई तोडली. शिवानं फांदी धरली, कापायच्या आधी झाडाला हात लावला. मग म्हणाला, "आई, त्यानं मला फांदी धरायला लावली तेव्हा म्हणाला होता, 'घट्ट धर, घरी चल, अम्मीनं खिचडी-खट्टा केलाय.'"

ही गोष्ट त्यानं मला आजवर सांगितली नव्हती. कुणालाच न्हाई. तुला सांगू का नको, चार दिवस विचार केला. पण ही तुझी वस्तू हाय, माझ्यापाशी ठेवून कशी घेऊ?

आफिफा, आजीला पाणी दे.

दोन्ही रोपं तेलाच्या डब्यात लावून माझ्या पडवीत ठेवलीत. साहेबांना दाखवली. अशोक रद्द झाला.

रहमतबी, एकवीस ऑक्टोबरला ये. तुझ्या नावाची खुर्ची मांडायला सांगितलीय. शिवाकडं बघायची तकलीफ होत असली तर त्याला त्या दिवशी दुसरीकडं ड्युटी मागायला लावते, तो तयार हाय. त्यानंच सुचवलं. तू येणार असशील तर तेबी करू.

चतुरा

आखाडा बाळापूर
२८ ऑक्टोबर

रहमतबी,

तू आली न्हाईस.

तुझी खुर्ची मी कुणाला बसू दिली न्हाई. एका पुढाऱ्याचा माणूस टेकायला निघाला होता, त्याच्याकडं असं बघितलं की तो उभाच राहिला. खुर्चीवर फहीमची टोपी ठेवली होती, साहेबांनी आणून दिली.

बिगुल वाजलं. बंदुका खाली करून सगळे मान झुकवून उभे राहिले. एकेक नाव घ्यायचे आणि घरचं माणूस पुढं होऊन रोप लावायचं. मालनबाईला दोघींनी धरून नेलं. फहीमचं नाव घेतलं आणि कुणी पुढं येईना. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी उठणार होते. पण मी शिवाकडं बघितलं, तो रांगेत ताठ उभा, डोळ्यातून पाणी गळून राहिलेलं, पुसताबी येईना. मग मीच ओरडले सगळ्यांपुढं, "शिवा, तुझ्या भावाचं नाव घेतलं. ऐकू येत न्हाई का?"

रांग मोडून आला. डबा कापला, मुळ्यांना धक्का न लावता रोप खड्ड्यात ठेवलं. माती हातानं लोटली, फावडं घेतलं न्हाई. आणि लावून झाल्यावर उठेचना. तिथंच गुडघ्यावर. साहेबांनी पुढचं नाव घेतलं न्हाई, थांबले. मग रत्नपाल जमादारानं येऊन त्याला उठवलं.

आता तिथं लोक येऊन बसतात. सकाळी म्हातारे, संध्याकाळी कॉलेजच्या पोरी. काल दोघी पोरी फहीमच्या पाटीपाशी बसून डबा खाऊन राहिल्या होत्या. मला बरं वाटलं. फहीमला एकट्यानं जेवायला कधी आवडलं का?

मी तुझ्यावर रागावले न्हाई. थोडी रागावले. मला तुझी आठवण येते, रहमतबी, एवढं सरळ हाय ते. जिचा लेक वाचला ती आईबी एकटी पडते, हे मला माहीत नव्हतं. तू गेलीस तेव्हा फहीमसाठी माझ्याबरोबर रडणारं कुणी उरलं न्हाई. मीबी त्याला न्हाऊमाखू घातलं होतं.

दुसरं रोप माझ्या पडवीत हाय. चांगलं टवटवीत हाय, नवी पालवी फुटली. ते तू कुणासाठी बांधलंस? एक गेलं तर दुसरं, एवढाच हिशेब असला तर दोन्ही जगलीत. त्याचं काय करू ते कळव. न्हाई कळवलंस तरी पाणी घालत राहते.

चतुरा

नांदेड
४ नोव्हेंबर २०२४

चतुरा,

आफिफा लिहून राहिली, मी बोलून राहिले. तुझी सगळी पत्रं ऐकली. पदर धरायची गरज पडली न्हाई, मी उठलेच न्हाई.

एकवीस तारखेला मी गाडीत बसले होते. वाटेत अर्धापूरलाच उतरून परत फिरले. एवढे लोक, आणि त्यात सगळ्यांच्या आंगावर वर्दी. जमलं न्हाई मला. शिवाचा त्यात काही गुन्हा न्हाई, त्याला तसं सांग. माझ्या फहीमनं त्याला आपल्या हातानं वाचवलं आणि मी त्याच्याकडं बघायला भिते, ही बात मला दिवसरात खाते.

फांदी तू उलटीच लावली होतीस. जगली ती अल्लाहची मेहेरबानी.

बागेतल्या झाडाला पहिले दोन साल फळ धरू देऊ नका. कळी आली की खुडायची, बराबर ध्यान ठेव. खोड जाड झाल्याबिगर फळाचं वजन पेलत न्हाई.

दुसरं रोप माझं हाय. इथं मुबश्शीरच्या दारात जागा हाय, खड्डा करून ठेवलाय. पण ते तू आणू नको, पार्सल करू नको, पुनमचंदकडं देऊ नको. शिवाच्या हाती पाठव. वर्दीवरच ये म्हणावं, कपडे बदलून येऊ नको. एकदा डोळे भरून बघायचंय मला.

जुम्म्याला पाठव. खिचडी-खट्टा करून ठेवते. त्याच्या ताटात दोघांचं वाढणार हाय, संपवल्याबिगर उठू देणार न्हाई, असं सांगून पाठव.

रहमतबी